नानांचा गुरुवार

नानासाहेबांचं वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. एका सकाळी रणजीत शालनबाईंच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर आला आणि म्हणाला, "नानी, पत्रिकेत नानांची माहिती टाकायची हाय. चार ओळी सांग."

रणजीत हा नानांचा पुतण्या. नाना आणि शालनबाई यांना स्वतःचं मूल नव्हतं. धाकटा भाऊ रोहिदास याची बायको मंजुळाबाई काविळीनं गेली, तेव्हा त्याची पूनम चार वर्षांची होती आणि रणजीत दीड. तेव्हापासून ही दोन्ही लेकरं शालनबाईंच्या हाताखाली वाढली; बापाला, रोहिदासला, ती आबा म्हणायची. रणजीत त्यांच्याकडे यायचा तो दार न वाजवता. पण गेल्या वर्षात त्याचं येणं फार कमी झालं होतं. समोरच्याच इमारतीत राहायचा, तरी पंधरा पंधरा दिवस दिसायचा नाही. प्लॉटिंगचा धंदा होता, त्यात निवडणुकीची हवा.

"काय सांगू?" शालनबाई म्हणाल्या.

"जन्म, शिक्षण, सामाजिक कार्य. भूषवलेली पदं."

"पदं?"

"सोसायटीचे चेअरमन वगैरे होते का कधी?"

"सोसायटीत दूध घालायला जायचे."

रणजीत हसला, पण त्याला काही लिहिता येईना.

नानांनी पदं भूषवली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी वडील गेले आणि घर त्यांच्यावर आलं. रानाचा एक तुकडा कारखान्यात गेला, तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. ती त्यांनी रोहिदासला दिली, कारण रोहिदासला ऊन सोसायचं नाही. स्वतः चऱ्होलीतून सायकलला किटल्या अडकवून भोसरीच्या कामगार वस्तीत दूध घातलं, तीस वर्षं. मंजुळा गेल्यावर पूनमची वेणी घालायला तेच शिकले, कारण सकाळी शालनबाईंचे हात म्हशींच्या धारेत अडकलेले असायचे. एक वेणी नीट यायची, दुसरी तिरकी. पूनम तशीच शाळेत जायची, कुणाला ती सोडू द्यायची नाही. पुढं ती आकुर्डीला डिप्लोमाला जायला लागली, तर रोज लुनावर बसवून तिला बसपर्यंत सोडायचे, आणि बस हलल्याशिवाय लुना वळवायचे नाहीत. भावकीत कुणी दवाखान्यात असलं की बाहेरच्या बाकड्यावर नाना. दोन घरांत भांडण झालं की दोन्हीकडे चहा पिऊन यायचे, आणि ह्याचं त्याला सांगायचे नाहीत.

एवढंच की कुणाला लागेल असं बोलणं त्यांना जमायचं नाही. ते शालनबाईंना करावं लागायचं. रानात ढोरं घालणाऱ्याला शिव्या द्यायच्या त्या शालनबाईंनी. बांध कोरणाऱ्याशी भांडायचं ते शालनबाईंनी. पोरांना फटका द्यायचा तोही त्यांनीच. मागून नाना खिशातून शेंगदाणे काढून पोरांना द्यायचे. गावात म्हणायचे, नाना साखर आणि नानी कारलं. शालनबाई हसण्यावारी न्यायच्या. पण कडू तेवढं आपल्या वाट्याला आलं, हे त्यांना आत कुठंतरी डाचायचं.

"धार्मिक वृत्तीचे," रणजीत फोनवर टाइप करत म्हणाला. "दर गुरुवारी देहूला जायचे. हे बरंय. नानी, देहूतला एखादा फोटो असंल ना त्यांचा? पत्रिकेवर टाकू."

"फोनात बघ त्यांच्या."

नानांचा फोन शालनबाईंनी बंद पडू दिला नव्हता. एक दिवसाआड चार्जिंगला लावायच्या. कधी वाजला तर उचलायच्या नाहीत, वाजून थांबेपर्यंत ऐकत बसायच्या. कपाटातून काढून त्यांनी तो रणजीतला दिला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

चहा घेऊन बाहेर आल्या तर रणजीत फोटो चाळत उभा होता.

"नानी," तो म्हणाला, "ही पूनमताईची पोरगी ना?"

फोटोत नाना एका सोफ्यावर बसले होते. टोपी बाजूला काढून ठेवलेली. मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. तिच्या दोन वेण्या, त्यातली एक तिरकी. रणजीतनं फोटो पुढं सरकवला. त्याच सोफ्यावर नाना झोपलेले. पुढच्या फोटोत नाना आणि पूनम, मध्ये केक. पुढं पुन्हा मुलगी, आता लहान, रांगणारी. फोटो मागं मागं जात होते आणि मुलगी लहान लहान होत होती. शेवटी ती कापडात गुंडाळलेली, नानांच्या दोन हातांत.

"देहूचा एक पण न्हाई," रणजीत म्हणाला.

शालनबाईंनी चहा टेबलावर ठेवला. "तुला ठाऊक होतं?"

"न्हाई. शपथ." त्यानं फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आबांना सांगू नको. त्यांना बीपीचा त्रास हाय."

चहा न पिताच तो गेला.

पूनमनं लग्न केलं त्याला सात वर्षं झाली होती. चाकणच्या कंपनीत ती क्वालिटीला होती आणि गणराज त्याच कंपनीत असेंब्लीला. तो धाराशिवकडचा, दुसऱ्या समाजाचा. दोघांनी कोर्टात जाऊन सही केली आणि तिसऱ्या दिवशी पूनमनं घरी फोन केला. तेव्हा रोहिदास कपाळाला हात लावून भिंतीशी बसला होता. पूनम घरातून गेल्यापासून तीन दिवस तो जेवला नव्हता. नाना भाकरी खात होते. फोन शालनबाईंनी घेतला.

"आमची पूनम मेली," त्या म्हणाल्या. "परत फोन करू नको."

नानांनी मान वर केली नाही. ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि अंगणात जाऊन बसले. शालनबाईंना वाटलं, यांनाही हेच म्हणायचं होतं. नेहमीप्रमाणे बोलायचं काम आपल्याकडे आलं. पूनमचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. वर्षभरानं नानांनी देहू सुरू केलं. शालनबाईंचे गुडघे दुखायचे, त्या कधी बरोबर गेल्या नाहीत. दर गुरुवारी सकाळी भाकरी बांधून द्यायच्या. पुढं नाना म्हणायला लागले, भाकरी नको, तिथं मिळतं काहीतरी.

तीन दिवस शालनबाई ते फोटो बघत होत्या. शेजारपाजारी कुणी नव्हतं ज्याला दाखवावं. मजल्यावर चार दारं, चारही बंद. जमीन बिल्डरला देऊन हा फ्लॅट मिळाला होता; खाली जिथं त्यांचा गोठा होता तिथं आता क्लबहाऊस होतं आणि त्यात सकाळी अनोळखी बाया योगा करायच्या. नाना होते तोवर त्यांना हे एवढं जाणवलं नव्हतं. नाना तसे घरात कमीच बोलायचे. बाहेर सगळ्यांशी बोलून येत आणि घरी आले की खुर्चीत गप्प बसत. त्या गप्प बसण्याचीही घरात एक जागा होती.

चौथ्या दिवशी त्यांनी फोनातली नावं एकेक करून वाचली. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. पूनम नावानं काही नव्हतं. खाली एक नाव होतं, "पुनावळे". त्यांनी ते दाबलं.

पलीकडून कुणी बोललं नाही. नानांच्या नंबरावरून फोन आला होता.

"मी हाय," शालनबाई म्हणाल्या. "पत्ता सांग."

गुरुवारी त्या निघाल्या. भोसरीला बस बदलली, डांगे चौकात उतरून रिक्षा केली. गुरुवार म्हणजे इकडच्या कंपन्यांचा सुट्टीचा दिवस, त्यांच्या गाड्या नव्हत्या, तरी रस्ता भरलेला. एवढ्या लांब एकट्या त्या आयुष्यात पहिल्यांदा आल्या होत्या. पुनावळ्यात सगळीकडे त्यांच्या चऱ्होलीसारखेच टॉवर. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, मावशी, नक्की कोणती सोसायटी?

दार पूनमनं उघडलं. ती अंगानं भरली होती आणि तिला चष्मा लागला होता. ती पाया पडली नाही, आत या असंही म्हणाली नाही. नुसती बाजूला झाली. सोफा तोच होता, फोटोतला. शालनबाई त्याच्यावर न बसता शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

आतून ती मुलगी आली. योगिनी तिचं नाव. तिनं शालनबाईंना खालीवर न्याहाळलं आणि आईला विचारलं, "ह्या म्हशीच्या नानी का?"

"योगिनी," पूनम म्हणाली.

"ह्या ओरडल्या की शेजारच्या गोठ्यातली म्हैस पण खाली बसायची. नाना आजोबांनी सांगितलंय."

गणराज पाणी घेऊन आला. उंच, सावळा, घरातही कंपनीचाच शर्ट घातलेला. "दमानं घ्या, नानी," तो म्हणाला. "लांबून आलाव." मग त्यानं मुलीचा हात धरला. "आम्ही जरा खाली जाऊन येताव."

दोघी राहिल्या.

"कवापासनं?" शालनबाईंनी विचारलं.

"ही पोटात होती तेव्हापासून. पहिल्यांदा आले तेव्हा दारातच उभे राहिले. म्हणाले, देहूला निघालो होतो, बस चुकली." पूनम चष्मा काढून पदरानं पुसायला लागली. "मग दर गुरुवारी चुकायची."

"काय करायचे इथं?"

"काही नाही. हिची वेणी घालायचे. दुपारी तासभर झोपायचे. हिला गोष्टी सांगायचे. सगळ्या तुझ्याच."

"माझ्या?"

"तू लग्नात मांडवातच मामाशी भांडलीस ती. लांडगा हाकललास ती. हिला वाटतं तू सहा फूट आहेस."

शालनबाईंना हसू येईना. हा माणूस घरी आला की खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचा. चाळीस वर्षांत त्यानं कधी त्यांना त्यांची गोष्ट सांगितली नव्हती.

"मी म्हणायचे, नाना, नानीला आणा. म्हणायचे, आणीन," पूनम म्हणाली. "पाच वर्षं आणीन आणीन म्हणत होते."

"मला भीत व्हते?"

"तू पुन्हा नाही म्हणशील ह्याला भीत होते. म्हणायचे, एकदा नाही म्हणाली तर माझं पण येणं बंद होईल."

"न्हाईच म्हणले असते," शालनबाई म्हणाल्या. "पयल्या वर्षी न्हाईच म्हणले असते. दुसऱ्या वर्षी बी. पर तिसऱ्या वर्षी इचारायला काय झालं व्हतं त्यांना?"

त्यांचा आवाज चढला होता. नाना गेल्यापासून त्या रडल्या होत्या, निजून राहिल्या होत्या, जेवण टाकलं होतं, पण रागावल्या नव्हत्या. आता पहिल्यांदा त्यांना नानांचा राग आला, आणि समोर तर नाना नव्हते.

पूनमनं चष्मा घातला. "नानी, तू फोनवर बोललीस ते मी विसरले नाही. बाकी कुणी बोललं असतं तर चाललं असतं. आबा बोलले असते तरी चाललं असतं."

"ठाऊक हाय."

"आज तू आलीस म्हणून मी माफ केलं असं म्हणणार नाही."

"मी मागाया आले न्हाई. बघाया आले."

मग पूनमनं चहा केला. चहा घेताना तिनं सांगितलं, की नाना गेले तो बुधवार होता आणि गुरुवारी ती वाट बघत होती. योगिनी केस मोकळे सोडून बसली होती. दुपारी रणजीतच्या स्टेटसला हार घातलेला फोटो दिसला. दहाव्याला गणराज फर्स्ट शिफ्ट सोडून तसाच कंपनीच्या शर्टात चऱ्होलीच्या घाटावर आला होता. पाचशे माणसांत त्याला कुणी ओळखलं नाही.

"मी पण आले होते," पूनम म्हणाली. "वर गाड्या लावल्या होत्या तिथं उभी होते. तू दिसलीस. सगळ्या बाया एकमेकींना धरून बसलेल्या. तुला कुणी धरलं नव्हतं."

शालनबाईंनी कप खाली ठेवला. त्या दिवसाचं त्यांना फारसं काही आठवत नव्हतं. पण हे खरं असणार.

दोन दिवसांनी रणजीत पत्रिकेचा आणि चौकात लावायच्या फ्लेक्सचा नमुना घेऊन आला. वर पुढाऱ्यांचे फोटो, मध्ये नाना, खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं. शालनबाईंनी बोट लावून नावं वाचली. भाऊ, पुतण्या, सूनबाई, नातवंडं, भाचे, पार लांबच्या आतेभावापर्यंत.

"पूनमचं नाव कुठंय?"

"नानी, असं काय करतेस? आबा काय म्हणतील? भावकी काय म्हणंल?"

"मंग माझं बी काढ."

"तुझं कसं काढू? तू बायको हायेस त्यांची."

"ती लेक हाय त्यांची. वेणी घातलीया त्यांनी तिची. तू काय केलंस? स्टेटस टाकलंस."

रणजीत कागद गुंडाळून निघून गेला.

संध्याकाळी रोहिदास आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं या घराचा उंबरा ओलांडला होता. निवृत्त झाल्यापासून तो पाठीत वाकला होता. सोफ्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"वैनी, पोरगं सांगत व्हतं तुमी नाव टाकाया लावताय."

"व्हय."

"दादा हयात असता तर त्यानं..."

"तुमचा दादा हयात असताना दर गुरुवारी पुनावळ्याला जात व्हता, भाऊजी. देहूला न्हाई." शालनबाईंनी ठरवलं होतं की बीपीचं नंतर बघू. "पोरगी हाय तिला. पाच वर्षांची."

"योगिनी," रोहिदास म्हणाला.

शालनबाई बघतच राहिल्या.

"मला ठाऊक व्हतं," रोहिदास म्हणाला. "दादा सांजच्याला परत आला की आधी पारावर यायचा. म्हणायचा, बरी हाय. मी म्हणायचो, बरं. एवढंच. पोरगी झाली तवा पेढा आणला व्हता त्यानं. मी तिथंच खाल्ला. घरला न्हाई आणला."

"का न्हाई आणला?"

"घरी तुमी व्हता."

बाहेर लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं. शालनबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तुमच्या मनातनं जात न्हाई असं वाटायचं आमास्नी," रोहिदास म्हणाला. "दादा म्हणायचा, तिनं लेकीसारखी वाढवली, तिला जास्त लागलंय. तिचं दुखणं आधी उतरू दे. मी म्हणलं, बरं. तुमच्या म्होरं कोण बोलणार, वैनी?"

"अन् मी कुणापायी बोलले? तीन दिवस जेवला नव्हता तुमी. भिंतीला टेकून बसला व्हता. तुमची मान खाली गेली म्हणून मी बोलले ते. माझ्या मनावर असतं तर मी दुसऱ्या दिवशीच जाऊन तिला घेऊन आले असते."

रोहिदासनं तोंडावरून हात फिरवला. पाच वर्षं हा माणूस पारावर बसून "बरं" म्हणत होता, नाना पुनावळ्यात वेण्या घालत होते, आणि दोघांमध्ये आपण एकट्याच मेलेल्या लेकीचं सुतक पाळत होतो. आपल्याला कुणी वाईट म्हणून वगळलं नव्हतं. जपून वगळलं होतं. त्यांना कळेना यातलं जास्त काय लागतं.

"नाव टाक म्हणावं पोराला," रोहिदास उठताना म्हणाला. "पर मी तिच्याशी बोलंन का न्हाई, ते आत्ता नका इचारू."

"न्हाई इचारत."

वर्षश्राद्धाला क्लबहाऊसच्या लॉनवर मांडव घातला. सकाळी कीर्तन, बारा वाजता फोटोवर फुलं, नंतर जेवण. फाटकावरच्या फ्लेक्सवर अगदी शेवटच्या ओळीत, लांबच्या आतेभावाच्याही खाली, पूनमचं नाव होतं. येणारे जाणारे वाचायचे आणि एकमेकांकडे बघायचे. देहूची ओळ रणजीतनं तशीच ठेवली होती. कीर्तनकारांनी तर तिच्यावरच पाव तास घेतला. वय झालं, ऊन असो की पाऊस असो, नानांचा गुरुवार कधी चुकला नाही, असं ते म्हणाले. शालनबाई पुढच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. शेजारी बसलेली, नात्यानं जाऊ असलेली बाई डोळे पुसत होती. शालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

पूनम, गणराज आणि योगिनी अकरा वाजता आले आणि मागच्या रांगेत बसले. शालनबाईंनी वळून बघितलं. रोहिदासनं वळून बघितलं नाही.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा रोहिदास लापशीची बादली घेऊन वाढायला उठला. रणजीत म्हणाला, आबा, पोरं हायेत वाढायला. त्यानं ऐकलं नाही. एका टोकापासून वाढत आला. पूनमच्या पानापाशी थांबला.

"वाढू?"

"थोडी," पूनम म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

त्यानं दोन पळ्या वाढल्या. मग योगिनीच्या पानावर पळी धरली.

"मला नाही आवडत," योगिनी म्हणाली.

"मला बी न्हाई आवडत," रोहिदास म्हणाला आणि पुढच्या पानाकडे गेला.

एवढंच झालं. तीन वाजेपर्यंत मांडव रिकामा झाला. पाहुणे गेले, पुढारी तर जेवणाआधीच गेले होते. पूनम वर आली आणि न सांगता भांडी घासायला लागली. शालनबाईंनी तिला अडवलं नाही. ओट्याशी ती उभी होती आणि मागून ती लहानपणी दिसायची तशी दिसत नव्हती, मंजुळेसारखी दिसत होती.

"राहू का आज?" पूनमनं विचारलं.

"पोरीची उद्या शाळा. तुझी शिफ्ट. जा."

पूनम थोडी थांबली. पुन्हा विचारलं असतं तर शालनबाई हो म्हणाल्या असत्या. पण पूनमनं पुन्हा विचारलं नाही आणि शालनबाईंनाही आपणहून म्हणता आलं नाही. तिघं लिफ्टनं खाली गेले.

त्यानंतरचे दिवस आधीसारखेच गेले. पूनमचा रविवारी फोन यायचा, दोन-चार मिनिटांचा. खाल्लं का, गोळी घेतली का. रणजीत एकदा येऊन पाणी पिऊन गेला. शालनबाई सकाळी उठायच्या, तुळशीला पाणी घालायच्या, टीव्ही लावायच्या आणि बंद करायच्या. त्यांना सारखं वाटायचं, हे सगळं ह्यांना सांगायला पाहिजे. रोहिदासनं लापशी वाढली हे सांगायला पाहिजे. आणि मग भांडायलाही पाहिजे. म्हणायला पाहिजे की तुमी माझ्या गोष्टी साऱ्या जगाला सांगितल्या, मला एक न्हाई सांगितली. चाळीस वर्षं त्या सगळ्या गावाशी भांडल्या होत्या. नानांशी मात्र कधी भांडल्या नव्हत्या. वेळच आली नव्हती, की नानांनी ती येऊ दिली नव्हती, हे आता कुणाला विचारणार?

महिन्याभरानं, एका सकाळी, बेल वाजली. रोहिदास होता. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पिशवी. आत यायला तयार नव्हता.

"वैनी, पुनावळ्याला बस कंची?"

शालनबाईंना आज कोणता वार ते आधी कळलं नाही. मग आठवलं, आज गुरुवार.

"भोसरीला बदलायची. डांगे चौकात उतरा, तिथनं रिक्षा." त्यांनी सोसायटीचं नाव सांगितलं. रोहिदासनं दोनदा म्हणून बघितलं.

"तुमी येताय?" त्यानं विचारलं. त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं, त्यांनी हो म्हणावं असं त्याला वाटतंय.

शालनबाईंनाही जायचं होतं. चप्पल दाराशीच होती.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पयल्या खेपेला मधी कुणी नको. तुमी जा एकटं."

"काय बोलू?"

"काय बी बोला. न्हाईतर नका बोलू. बसून या."

तो लिफ्टकडे गेला. शालनबाई गॅलरीत आल्या. बऱ्याच वेळानं तो फाटकातून बाहेर पडताना दिसला, पिशवी सांभाळत, रस्ता ओलांडून थांब्यावर उभा राहिला. बस आली. नवव्या मजल्यावरून कोण चढलं ते कळत नव्हतं. बस हलली आणि थांबा मोकळा झाला. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग आत येऊन त्यांनी एका माणसापुरते तांदूळ धुवायला घेतले.